कोणाच्या हातची माती

या, असे जवळ सरका. मागच्या खांबाला टेकलेले तुम्हीही या. गोष्ट लांबून ऐकली की अर्धी वाऱ्यावर जाते. आज मुठीएवढ्या एका मातीच्या गोळ्याची गोष्ट सांगतो. तेवढ्याशा गोळ्यासाठी ऐन दिवाळीच्या दिवसांत एका घरचा देव नैवेद्याची वाट पाहत ताटकळला, आणि एका बाईनं त्याला कसं जेवू घातलं, ते ऐका. हातात काम असेल तर चालू द्या. शेंगा सोला, वाती वळा. कान तेवढे माझ्याकडे असू द्या.

गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानं नुकतीच उडायला लागली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. तिथून जवळच कटंगटोला. टोल्यात टेंभऱ्यांची दोन घरं, मध्ये एक गल्ली, दारं समोरासमोर. थोरलं घर रामलालचं, धाकटं उमेंद्रचं. भातशेतीच्या बांध्या वेगळ्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, पण देव एकच राहिला. देव म्हणजे थोरल्या घरातली चौरी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हातभर मातीचा ओटा, त्यावर ना मूर्ती ना तसबीर. तिची राखण म्हातारी देवकाबाई करायची, दोघा भावांची आई.

या घरची रीत अशी, की हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान निघालं की दोन्ही घरचे नवे तांदूळ एकाच हांडीत शिजायचे, चौरीपुढे ठेवायचे आणि मगच घरातल्यांनी त्यांना तोंड लावायचं. याला ते ‘नवं करणं’ म्हणत. नवं होईपर्यंत घरात धान्याची ढोली काठोकाठ भरलेली असली तरी ताटात जुनेच तांदूळ. आणि नवं करण्याआधी चौरी सारवायची ती त्या वर्षीच्या पहिल्या तासाच्या मातीनं. नांगराची पहिली रेघ, म्हणजे पहिला तास, ओढली की ज्यानं नांगर धरला त्यानं त्याच रेघेतला चिखल मुठीत आवळायचा, घरी फळीवर वाळत ठेवायचा आणि नव्याच्या दिवशी म्हातारीच्या हातात द्यायचा. म्हातारी विचारायची, “कोनाच्या हातची माती?” आणणारा आपलं नाव सांगायचा. गेली काही वर्षं तो गोळा धाकटा उमेंद्रच आणत होता. थोरल्या घरात त्या गोळ्याचा कोणी विचारही करत नसे. घराच्या मागच्या भिंतीचा कोण विचार करतो? ती असतेच.

त्या वर्षी ज्येष्ठात बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून उमेंद्रची बैलगाडी कलंडली आणि तो मांडीत मोडला. गोंदियाच्या दवाखान्यात सळई घातली, आणि माणूस खाटेवर आला.

त्याच्या बांध्या होत्या बोडीच्या पोटाशी, खोल गाळाच्या. तिथे ट्रॅक्टर उतरला की रुतायचा. तिथे बैलच लागायचे, आणि बैल धरायला माणूस. रामलालनं आपले बैल मागेच विकले होते. त्याच्या वरच्या बांध्या टोल्यातल्या छोटेलालच्या भाड्याच्या ट्रॅक्टरनं जेवणाच्या वेळेआधी चिखलून व्हायच्या. रामलाल म्हणाला, “मी धाडतो मानूस.” पण रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, गर्दीत माणूस कुठला? आज येतो, उद्या येतो, असं करता करता खारीतले पऱ्हे, लावणीची रोपं, पिवळे पडायला लागले.

उमेंद्रची बायको भूमेश्वरी एका सकाळी गोठ्यातून आली आणि कमरेला पदर खोचून खाटेपाशी उभी राहिली.

“बैल हायेत, नांगर हाय, मी आहो. मंग अडलं कोठं?”

“लोकाइच्या तोंडापाशी,” उमेंद्र म्हणाला. आपल्याकडे बाई रोवणा करते, कापणी करते, भारे वाहते, पण नांगराला हात लावत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं.

“लोकाइचं तोंड बांधीत उतरत नाही ना?”

“नाही.”

“मंग झालं त.”

टोल्यातल्या चौघांनी उमेंद्रला खाटेसकट उचलून बांधीच्या कडेला, धुऱ्यावर नेलं, शिकवायला. वाटेत एकजण ती मिरवणूक पाहून थबकला आणि डोक्यावरची टोपी काढायला लागला. उमेंद्र खाटेवरून म्हणाला, “टोपी राहू दे गा. मेलो नाही, मास्तर झालो.”

पहिल्यांदा नांगर उताणा पडला. मग फाळ इतका खोल गेला की बैलांनी मागे वळून पाहिलं. धुऱ्यावर खाट, खाटेवर उमेंद्र, त्याच्या डोक्यावर छत्री, आणि तिथून त्याचा आरडाओरडा.

“दाब वं, दाब! मुठीवर जोर दे!”

“देऊनच राहिली! खाटेवरून लय सोपं दिसते!”

“लाख्याले आवाज दे! पांढऱ्या आपोआप येते!”

तिनं आवाज दिला. लाख्यानं कान हलवले, जरा विचार केला आणि चालू लागला. चिखल दुभंगला आणि पहिला तास या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सरळ लागला. भूमेश्वरी तिकडच्या टोकाला उभी राहून मागे पाहत होती. तिला खरं वाटत नव्हतं.

“थांब,” उमेंद्र ओरडला. “चिखलाची मूठ उचल. दरसाल मी उचलतो, औंदा तू उचल.”

ती वाकली. बांगड्यांसकट हात चिखलात गेला आणि मूठ आवळून वर आला. ती मूठ तिनं छातीशी धरली आणि मनातल्या मनात बोलली, ‘देवा, हा हात पाहून ठेव. या हातानं मागून राहिली आहो. धान देशील त याच हातानं तुले वाढीन.’

एवढंच बोलली. पण देवाशी बोललेलं बोलणं हे खुंट्यासारखं असतं, कितीही हिसडा दिला तरी दोर तिथेच बांधलेला राहतो.

दुपारी बकाराम बुढा धुऱ्यावर आला. पाऊस, लग्न, विंचू, कशावरही या माणसाचं मत तयार असायचं.

“काऊन वं सूनबाई, गावाचं पानी पळवतं काय? बाईनं नांगर धरला त पाऊस रुसते.”

भूमेश्वरीनं पदर पुढे ओढला आणि नांगर चालूच ठेवला. उत्तर खाटेवरून आलं.

“बुढा, वर पाहा. ते इमान दिसते? त्याच्यात पोरगी बसली हाय म्हनते, बिरसीच्या शाळेतली. थेट ढगात शिरून राहिली. तिच्यावर पाऊस रुसत नाही, न् खाली चिखलातल्या बाईवर कायले रुसते?”

बकारामनं बराच वेळ मान वर करून पाहिलं. विमानानं बोडीवर एक चक्कर घेतली आणि ते पलीकडे गेलं. “इमानाले फाळ नसते,” असं म्हणून तो निघून गेला.

आणि काय सांगू, रोवणा आटोपला तसा पाऊस खरंच दडी मारून बसला. विहिरीवर भूमेश्वरी आली की बायका गप्प व्हायच्या. बकाराम चावडीवर छाती काढून बसायला लागला. भूमेश्वरी रोज संध्याकाळी बांधीच्या काठाला जाऊन भेगा पडल्यात का ते बघायची आणि म्हणायची, “माया हाताचा राग असन त मायाच बांधीले लाव बापा, गावाले नोको.” मग एका दुपारी दक्षिणेकडून काळं भरून आलं आणि बोडी पाळीपर्यंत चढली. पाऊस गेला तेव्हा तिच्यामुळे गेला होता. आला तेव्हा आपोआप आला. तुझ्यामुळे आला, असं विहिरीवर कोणीही तिला म्हणालं नाही.

दसऱ्यानंतर हलकं धान पिवळं झालं. लोंब्या अशा लवल्या होत्या की धुऱ्यावरून जाताना पोटऱ्यांना घासत. विळा लावताना तिला कितीदा वाटलं, की आपण कापत नाही, कोणीतरी आपल्या पदरात टाकून राहिलं आहे. गाळाच्या बांधीनं एवढं धान उमेंद्रच्या हातालाही कधी दिलं नव्हतं. उमेंद्र आता कुबडीवर खळ्यापर्यंत यायचा. तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगावर बसून तो खंजिरी वाजवत भजन म्हणायचा. बैल खळ्यात फिरायचे, आणि भूमेश्वरीच्या ओठांवर नकळत तेच भजन यायचं.

देवाचे तांदूळ तिनं गिरणीवर नेले नाहीत. उखळात कांडले, पाखडले, एकेक अख्खा दाणा निवडला, सुपात घेतले आणि गल्ली ओलांडून थोरल्या घरी गेली. फळीवर आषाढातला तो मातीचा गोळा वाळून टणक होऊन बसला होता. तो नव्याच्या दिवशीच न्यायचा, म्हणून तिथेच राहिला.

आता एक सांगायला हवं. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बाई थेट बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन, अंग चोरून उभी राहते आणि बोलायचं ते मधल्या माणसाला सांगते. भासराही तसंच करतो. भूमेश्वरी लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं आणि रामलालचं सगळं बोलणं देवकाबाईच्या अंगावरून जात आलं होतं.

रामलालनं सुपाकडे पाहिलं आणि आईला म्हणाला, “माय, सांग तिले. बाईच्या नांगराचं धान चौरीवर चढत नाही.”

“दोघाइचे कान धड हायेत,” देवकाबाई म्हणाली. “मले काऊन शिणवता?”

भूमेश्वरी सासूकडे तोंड करून म्हणाली, “सासूबाई, भासऱ्याजीले विचारा, पिकलं कसं मंग? चौरीवर जो घेत नाही म्हनता, त्यानंच त बांधीत देल्लं.”

रामलाल वाईट माणूस नव्हता, बरं. भावाच्या मांडीत सळई घातली तेव्हा दवाखान्याच्या फरशीवर हाच झोपला होता. पण घरचा थोरला. चौरी त्याच्या छपराखाली. उद्या कोणाच्या घरी काही वाईट झालं तर बोट त्याच्याकडेच वळणार, ही धास्ती त्याच्या पोटात कायमची होती. त्यानं वाट काढली.

“तिले म्हनाव, एवढंच सांग का उमेंद्रनं नांगरलं. नाही त छोटेलालच्या मानसानं नांगरलं म्हन. मंग तांदूळ हांडीत. कोनाले अडचन नाही.”

“अडचन मले हाय, सासूबाई. सप्त्यात बुवा सांगून गेले तेव्हा भासरेजी सगळ्याच्या समोर बसले होते. जनकराजाच्या तासातून सीतामाय निघाली म्हनताच केवढे टाळ वाजवले! तासातून बाई निघाली त जगाची माय. न् तासावर बाई उभी राहिली त देव बाटते?”

रामलालचे कान लाल झाले. “कीर्तन कीर्तनाच्या जागी. सांग तिले. खोटं नाही बोलायचं त सूप घरी ने म्हना.”

त्याची बायको सुखवंता, भूमेश्वरीची जाऊ, दारापर्यंत मागे आली आणि हळूच म्हणाली, “सांगून टाक ना वं. देवाले काय दिसते?”

“देवाले दिसत नाही त नवं कोनाले दाखवता, बाई?”

देवकाबाई चौरीपाशी बसून होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आवाजाच्या दिशेनं तिनं मान वळवली. “मी मधात बोलत नाही,” ती म्हणाली. “नव्याच्या दिवशी मले जे विचाराचं ते मी विचारतो. बस.”

भूमेश्वरी सूप घेऊन परत आली.

मग सुरू झालं हट्टानं दिवस काढणं. रामलालनं ठरवलं, नवं मंडईच्या, म्हणजे दिवाळीतल्या गावजत्रेच्या, आदल्या दिवशी करायचं, एकट्या आपल्या तांदळाचं. धाकट्या घरचं नवं झालं नाही तर त्यांना नवा तांदूळ खाता येत नाही. वर्ष गेलं तरी नाही. ढोलीत धान, आणि भूमेश्वरीच्या चुलीवर जुन्या कनकीची, तुकडा तांदळाची, पेज. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, “काय वं, एवढं पिकलं न् पेजच पिऊन राहिले?” ती म्हणायची, “पेज लय गोड लागून राहिली बाई. खोटं मिसळलं नाही ना याच्यात.”

पण तोंड असं चालत असलं तरी मन आतून तुटत होतं. अहो, ज्याला द्यायचं कबूल केलं त्याच्यापुढे भरलं सूप घेऊन उभं राहावं आणि दार उघडू नये, याहून मोठं उपाशीपण कोणतं? एका दुपारी ती तांदळाच्या सुपासमोर बसून राहिली. उमेंद्रनं तिच्याकडे पाहिलं आणि कुबडी शोधू लागला.

“मीच जातो. सांगतो, मी नांगरलं. पाप मले लागू दे. तुयं नवं त होईन.”

ती उठली. क्षणभर तिला वाटलं, जाऊ द्यावं. एका शब्दाचं तर काम. चार लोकांत हसून बसता येईल, देवाच्या तोंडी घास पडेल. कुबडी त्याच्या हातात द्यावी म्हणून तिनं वळून हात वर केला, तर नजर फळीवर गेली. मातीचा गोळा तिथे बसलेला. त्यावर तिच्या चार बोटांचे चार खड्डे, अंगठ्याचा एक, आणि मनगटापाशी टेकलेल्या बांगडीची बारीक वाकडी रेघ. आषाढात काय बोललीस, असं ती माती विचारत असल्यासारखी.

तिनं कुबडी भिंतीला लावून ठेवली. “तुमी कोठं होते हे देवाले ठाऊक नाही काय? त्यानं हात पाहून ठेवला हाय. आता दुसऱ्याचा हात कसा दाखवू?”

नव्याचा दिवस आला. थोरल्या घरी लेक दामिनी सासरच्या माणसांना घेऊन मंडईसाठी आलेली, अंगणात पाहुणे, पळसाच्या पत्रावळींचा ढीग, मातीची नवी हांडी. दारं समोरासमोर; भूमेश्वरी आपल्या ओट्यावर कनकी पाखडत बसली होती आणि पलीकडचा एकेक शब्द तिला ऐकू येत होता.

“पानी ठेवलं,” देवकाबाईचा आवाज आला. “आता माती आना.”

“कोनती माती?” रामलाल.

“पहिल्या तासाची. चौरी काय हवेनं सारवू?”

भूमेश्वरीचं सूप थांबलं.

“ते... दरसाल उमेंद्र आनते.”

“औंदा उमेंद्र खाटेवर होता. तू आन. तुया बांध्या कोनी नांगरल्या ना?”

“ट्रॅक्टरनं.”

“ट्रॅक्टर कोनी धरला?”

“छोटेलालच्या ड्रायव्हरनं. बालाघाटकडला होता.”

“मंग बोलाव त्याले. देवाले त्याचं नाव सांगतो. काय नाव त्याचं?”

नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. पाहुण्यांत कोणीतरी खुदकन हसलं. रामलाल घाईनं म्हणाला, “माय, मी आत्ता एक तास मारतो. मागच्या वाडीत ओल हाय. माया हातची ताजी माती घे.”

“मार ना. मी कोठं नाही म्हनतो?”

माळ्यावरून जुना नांगर काढण्याची खडखड झाली. नांगर निघाला, पण ओढणार कोण? बैल तर त्यानंच विकलेले. टोल्याच्या त्या टोकाला नांगराची एकच जोडी उरली होती, आणि ती भूमेश्वरीच्या गोठ्यात रवंथ करत होती.

थोड्या वेळानं सुखवंता गल्ली ओलांडून आली. कोणाच्याच डोळ्यांना डोळा देत नव्हती.

“भूमेश्वरी, जोडी दे वं जराशी.”

उमेंद्र आतून हसायला लागला, तसं भूमेश्वरीनं हातानंच त्याला गप्प केलं. ती उठली, हात झटकले.

“देतो ना, बाई. पन माये बैल एकटे कोठं जात नाहीत. त्याइच्या मागं मायाच नांगर येते, न् नांगरामागं मी.”

तिनं गोळा पदराच्या टोकाला बांधून कमरेशी खोचला. बैल सोडले. नांगर उचलून खांद्यावर घेतला. सुखवंता म्हणाली, “मागून ये वं, वाडीच्या फाटकानं. पाव्हने बसले हायेत.”

“मी चोरी नाही केली,” भूमेश्वरी म्हणाली, आणि समोरच्या दारानं निघाली.

गल्ली केवढीशी, पण त्या दिवशी ती भरून गेली. पुढे लाख्या आणि पांढऱ्या, मागे खांद्यावर नांगर घेतलेली बाई, पदर डोक्यावर पण मान ताठ, आणि तिच्या मागे कुबडी टेकत, तांदळाचं गाठोडं गळ्यात अडकवून उमेंद्र. चावडीवरून बकाराम उठून आला. वर एक विमान घरघरत होतं, पण त्या दिवशी कोणी मान वर केली नाही.

रामलाल अंगणात उभा होता. भूमेश्वरीनं नांगर खाली ठेवला. सासू आत चौरीपाशी होती. मध्ये कोणी नव्हतं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती भासऱ्याशी तोंडावर बोलली.

“घ्या, भासरेजी. जोडी हाय, नांगर हाय. मारा तास.”

मागच्या वाडीत जू चढलं. रामलालनं नांगराची मूठ धरली. जुना कास्तकार तो, हात काही विसरला नव्हता. त्यानं जिभेनं टकटक केलं, आवाज दिला. बैल उभेच. पुन्हा आवाज दिला, शेपटी पिळली. पांढऱ्यानं लाख्याकडे पाहिलं, लाख्यानं मान वळवून भूमेश्वरीकडे पाहिलं, आणि दोघे तिथेच खांबासारखे उभे. आषाढापासून त्यांच्या कानांना एकाच गळ्याची सवय होती.

“याइले बालाघाटचा ड्रायव्हर पायजे!” कुंपणावरून कोणी ओरडलं. सगळं कुंपण हसलं. बकारामसुद्धा हसला आणि मग आपण कोणाच्या बाजूचे ते आठवून खोकला.

भूमेश्वरी हसली नाही. तिनं आवाजही दिला नाही.

रामलालच्या मानेवरून घाम ओघळला. त्यानं मूठ सोडली. मग जमिनीकडे पाहत, पण तिलाच, तो म्हणाला, “तुयापाशी माती हाय काय?”

“हाय. पन नावासहित हाय.”

“उमेंद्रचं नाव सांग वं.” आता त्यात हुकूम नव्हता, अजीजी होती. “दामिनीच्या सासरचे लोक बसले हायेत. उद्या काही झालं त...”

“माया नावानं सांगजो नोको!” उमेंद्र फाटकातून ओरडला. “मी धुऱ्यावर छत्री धरून होतो, गाव साक्षी हाय!”

भूमेश्वरीनं पदराची गाठ सोडली. गोळा हातात घेतला आणि रामलालच्या बाजूनं, पाहुण्यांच्या मधून, पायाच्या चिखलासकट सरळ स्वयंपाकघरात गेली. चौरीपुढे पाण्याचं भांडं घेऊन देवकाबाई बसली होती. पावलांच्या आवाजानं तिनं हात पुढे केला आणि जे दरवर्षी विचारायची तेच विचारलं.

“कोनाच्या हातची माती?”

घरादाराचे कान त्या एका शब्दावर. भूमेश्वरीनं आवाज खाली केला नाही. गल्लीपर्यंत जाईल असा ठेवला.

“भूमेश्वरीच्या हातची. आषाढात बोडीखालच्या बांधीत मी नांगर धरला. देवानं पाहून ठेवलं हाय. त्याले चालत नसन त त्यानं मले सांगावं. लोकाइच्या तोंडून मी आयकनार नाही.”

देवकाबाईनं गोळा दोन्ही हातांत घेतला. फिरवला, चाचपला. तिची सुरकुतलेली बोटं त्या चार खड्ड्यांपाशी आली आणि थांबली. मग तिनं एकेक बोट एकेका खड्ड्यात ठेवलं. बोटं बरोबर बसली.

“एवढी वर्सं माती आली या घरात,” ती म्हणाली. “साऱ्या गड्याइच्या मुठी. माया बोटाच्या मापाची आज आली.”

“माय, पन देव...” दारातून रामलाल.

“देवाचं मी पाहीन. तू हांडीचं पाहा, बिना तांदळाची उकळून राहिली.” आणि तिनं गोळा पाण्यात सोडला.

माती विरघळली. म्हातारीनं हात बुडवला, चौरीवर फिरवला. मग भूमेश्वरीचं मनगट धरून तिचाही हात त्या चिखलात घातला. दोघींनी मिळून चौरी सारवली. उमेंद्रनं गळ्यातलं गाठोडं सोडलं. दोन घरचे तांदूळ एका हांडीत पडले, आणि कुठला दाणा कोणाचा हे पुन्हा कोणाला सांगता आलं नसतं. वाफेला नव्या तांदळाचा तो गोड वास आला. भूमेश्वरीनं पहिली मूठ पळसाच्या पानावर घेतली, चौरीपुढे ठेवली आणि कपाळ टेकलं. मागणं काही नव्हतं. ‘घे बापा,’ एवढंच म्हणाली, ‘तुयंच हाय.’ इतके दिवस कोरडे राहिलेले तिचे डोळे तेव्हा वाहायला लागले.

पंगत बसली. रामलाल बसला नाही. मागच्या वाडीत जाऊन तणसाच्या बोळ्यानं तिच्या नांगराचा फाळ पुसत राहिला. पुसायला त्यावर काही नव्हतं. लेकीनं हाक मारली, बायकोनं मारली. शेवटी आला, पंगतीच्या टोकाला बसला आणि पत्रावळ पुढे सरकवली. वाढायला भूमेश्वरी होती.

“वाढ वं,” तो म्हणाला.

तिनं भरभरून वाढलं, वर गूळ, वर दूध.

“लय झालं.”

“देवानंच लय देल्लं, भासरेजी. कमी कायले वाढू?”

त्यानं मान खाली घालून पहिला घास घेतला. आकाश कोसळलं नाही. बाहेर बकाराम बुढा दुसऱ्यांदा भात मागत होता.

पुढच्या आषाढात उमेंद्रचा पाय चांगला झाला होता. तरी पहिला तास भूमेश्वरीनंच मारला, आणि धुऱ्यावर छत्री धरायला तो हौसेनं गेला.

तर मायबापहो, हा मातीचा गोळा इथे विरघळला. माझं मागणं एवढंच. तुमच्या घरी नवं शिजेल, ताटातून वाफ वर येईल, हात जोडाल, तेव्हा देवाचं नाव तर घ्यालच. ते घेऊन झालं की घास उचलण्याआधी स्वतःलाच एकदा विचारा, कोणाच्या हातची माती? आणि कटंगटोल्याच्या भूमेश्वरीला आठवा. देवापुढे दुसऱ्याचा हात दाखवायला ती तयार झाली नाही. तिचा विसर पडू देऊ नका.